कर्ज काढून जर्मनीत शिकताना युरोप कसा फिरावा: कागदपत्रांपासून येसरपर्यंत

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मास्टर्स करायला जर्मनीत आलो. माझ्याआधी घरात कुणी पासपोर्ट काढलेला नव्हता. डोक्यावर शैक्षणिक कर्ज. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले, त्यातले महिन्याला ९९२ हाती येणार आणि त्यातच खोलीचं भाडं, विमा, खाणंपिणं सगळं भागवायचं. पहिल्या सुट्टीत वर्गातली मुलं प्रागला निघाली, तेव्हा मी अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "शिकायला गेलास का हिंडायला?" मग जरा थांबून म्हणाले, "जायचं तर जा, पण कर्जाच्या पैशाला हात लावू नको."

ती अट मी पाळली. दीड वर्षात नऊ देश पाहिले, सगळे सुट्टीत केलेल्या कामाच्या पैशातून. आता दर सेमिस्टरला लातूर, नांदेड, बीड, जालन्याकडून नवी मुलंमुली येतात आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. माझी उदाहरणं जर्मनीची आहेत. तुम्ही फ्रान्स, इटली किंवा नेदरलँड्समध्ये शिकत असाल तर रेल्वेच्या सवलती वेगळ्या असतील, पण शेंगेनचे, म्हणजे आपसात सहसा सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचे, नियम तेच.

१. आधी कागदपत्रं, मग तिकीट

नवीन आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतं, "शेंगेनमध्ये बॉर्डरच नसते, कोणी विचारत नाही." हे ऐकून घराबाहेर पडू नका. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. प्रत्येक बस थांबवत नाहीत, पण थांबवली तर एकेकाची कागदपत्रं बघतात.

आमची बस प्रागहून परत येताना थांबवली. पहाटेचे तीन वाजले असतील. आतले दिवे लागले, दोन पोलीस चढले आणि पुढच्या सीटपासून एकेक पासपोर्ट हातात घेऊन, टॉर्च मारून, फोटो आणि चेहरा जुळवत मागं येऊ लागले. माझ्या शेजारच्या मित्रानं पासपोर्ट हरवेल या भीतीनं खोलीवरच ठेवला होता आणि मोबाईलमध्ये फोटो घेऊन आला होता. पोलिसांनी फोटो पाहिला, मान हलवली आणि त्याला खाली उतरवलं. त्याच्यासोबत मीही उतरलो. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगून पडताळणी व्हायला दोन तास लागले. तोवर बस निघून गेली होती. पुढच्या स्टेशनपर्यंतची टॅक्सी आणि नवं तिकीट धरून दोघांचे मिळून ९० युरो गेले. प्रागचा जाण्यायेण्याचा खर्चही तेवढा नव्हता.

म्हणून सोबत हे असायलाच पाहिजे:

- मूळ पासपोर्ट. शेंगेनच्या नियमाप्रमाणं परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा.
- रेसिडन्स परमिटचं प्लास्टिकचं कार्ड. ते अजून हाती आलं नसेल तर वैध तारखेचा डी व्हिसा, म्हणजे जर्मनीत येताना मिळालेला दीर्घ मुदतीचा व्हिसा. कार्डासोबत जोडपत्र मिळालं असेल तर तेही.
- विद्यापीठाचं ओळखपत्र आणि चालू सेमिस्टरचं नोंदणीपत्र. सवलतीसाठी दोन्ही लागतात.
- आरोग्य विम्याचं कार्ड.
- या सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, आणि स्कॅन स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवलेले.

मूळ पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात, शर्टाच्या आत. माझी आई म्हणते तसं, "आंगावरच ठिव, बॅगेत नको."

दोन सापळे इथंच सांगतो. पहिला फिक्शनबेशायनिगुंगचा. परमिट संपत आलं आणि नवीन कार्ड मिळायला उशीर असेल, तर परदेशी नागरिकांचं ऑफिस हा तात्पुरता कागद देतं. त्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि काही प्रकारांवर एकदा जर्मनीबाहेर पडलात की परत येता येत नाही. हा कागद हातात असेल तर आधी ऑफिसला लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत कुठलंही तिकीट काढू नका. परमिट संपायच्या दोन-तीन महिने आधीच अपॉइंटमेंट मागितली तर बहुतेक ही वेळच येत नाही.

दुसरा सापळा नावाचा. आपल्याकडं बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. बुकिंग करताना अनेक जण वडिलांचं नाव गाळतात. पासपोर्टवर जसं आहे, अक्षरानं अक्षर तसंच लिहा. चूक लक्षात आली तर लगेच दुरुस्त करून घ्या, विमानतळावर त्याचे जबर पैसे घेतात.

२. कुठल्या देशात जाता येतं

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. क्रोएशिया जानेवारी २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. जर्मनीच्या परमिटवर किंवा डी व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस राहता येतं. फिरायला येतं, काम करता येत नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळं वेगळा व्हिसा लागत नाही. उलट आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि डब्लिनला भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो, जर्मन परमिट असलं तरी. पॅरिसहून "इतकं जवळ आहे तर लंडन करून येऊ" म्हणत रेल्वेचं तिकीट काढलेली दोन मुलं मला माहीत आहेत. तिकिटाचे पैसे बुडाले.

सर्बियासारखे काही बाल्कन देश शेंगेनचं परमिट असलेल्यांना व्हिसाशिवाय येऊ देतात. पण अटी देशागणिक वेगळ्या आहेत आणि बदलत राहतात, म्हणून त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर त्याच आठवड्यात बघून घ्या.

शेंगेनच्या बाहेरून परत येताना, म्हणजे सेलूहून परत येतानाही, पासपोर्टसोबत परमिटचं कार्ड आपणहून काउंटरवर ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून पर्यटकांच्या येण्याजाण्याची बोटांच्या ठशांसकट नोंद करणारी ईईएस ही यंत्रणा सुरू झाली आहे. परमिट असलेल्यांना ती लागू नाही. नुसता पासपोर्ट दिला तर पर्यटक म्हणून नोंद व्हायची आणि दिवस मोजले जायचे, आणि नंतर ते निस्तरायला वेळ जातो.

३. पैसा कुठून आणायचा

विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. मी प्रत्येक सहलीचा खर्च युरोत मोजतोच, पण तासांतही मोजतो. चार दिवस प्राग म्हणजे माझे साधारण बारा तास. गोदामात उभं राहून खोकी उचललेले बारा तास डोळ्यांपुढं असले की विमानतळावरची सात युरोची कॉफी आपोआप नको वाटते. रुपयात मात्र सारखं मोजत बसू नका. युरो शंभरीच्या पुढं आहे, पाण्याच्या बाटलीचाही घोट घशाखाली उतरणार नाही.

वेगळं खातं किंवा निदान बँकेच्या ॲपमध्ये वेगळा कप्पा करा, त्याला 'सहल' नाव द्या. त्यात जितकं आहे तितकंच फिरायचं. क्रेडिट कार्डावर किंवा मित्राकडून उसनं घेऊन फिरायला जाऊ नका. कापसाचे पैसे यायच्या आधी उधारीवर लग्न लावणाऱ्या घरांचं पुढं काय होतं, ते आपण गावात पाहिलेलं आहे.

नोव्हेंबर आणि मार्च हे माझे आवडते महिने. गर्दी नाही, हॉस्टेल स्वस्त, थंडी सोसण्याइतकी. नाताळ, ईस्टर, आणि म्युनिकला जायचं असेल तर सप्टेंबरअखेरचा ऑक्टोबरफेस्ट टाळा. त्या दिवसांत हॉस्टेलचा दर तिप्पट होतो.

४. तिकीट: दारापासून दारापर्यंत मोजा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. तिकिटावरचा आकडा म्हणजे प्रवासाचा खर्च नाही. खोलीला कुलूप लावल्यापासून परत येऊन कुलूप उघडेपर्यंत जे जे जातं, ते सगळं एका कागदावर लिहायचं आणि मगच तुलना करायची.

माझा स्वतःचा हिशेब दाखवतो. दुसऱ्याच महिन्यात मला १५ युरोचं विमानाचं तिकीट दिसलं. रात्री अकरा वाजता, ते संपायच्या आत, घाईघाईनं काढलं. विमान पहाटे सहा दहाचं. त्या वेळेला विमानतळावर पोचणारी रेल्वेच नव्हती, म्हणून आदल्या रात्रीची शटल बस, १९ युरो. रात्रभर खुर्चीवर बसलो, त्यात खाण्याचे ११. गेटवर बॅग मापाच्या पिंजऱ्यात बसेना, तिचे ४६. उतरल्यावर विमानतळ ते शहर आणखी १७. झाले १०८ युरो, फक्त जाण्याचे. त्याच शहराला आमच्या गावातून थेट जाणारी रात्रीची बस ३८ युरोची होती. मी ती बघितलीच नव्हती.

तेव्हापासून तिकीट काढायच्या आधी या गोष्टी तपासतो.

विमानतळ खरंच त्या शहरात आहे का? फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरचं तिकीट काढावं आणि बीडला उतरावं, तसं. पॅरिस-बोवे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर, आणि म्युनिकच्या नावानं खपणारं मेमिंगेन शंभरच्या वर. वाईट विमानतळ नाहीत ते, फक्त बसचं भाडं आणि दोन तास आधीच हिशेबात धरा.

बॅग मापात आहे का? रायनएअर आणि विझएअर या दोन्ही स्वस्त विमान कंपन्यांमध्ये फुकट नेता येणाऱ्या बॅगेचं माप ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर आहे. शिंप्याच्या टेपनं घरीच मोजा, चाकं आणि मूठ धरून. त्यात बसणारी साधी पाठपिशवी एकदा घेतली की दोन वर्षं पुरते.

ऑनलाइन चेक-इन वेळेत केलं का? आणि युरोपीय नागरिक नसलेल्यांची कागदपत्रं काही स्वस्त कंपन्या आधी काउंटरवर तपासतात. ती तपासणी टाळून थेट आत गेलात तर गेटवर अडवतात. म्हणून इतरांपेक्षा तासभर लवकर पोचा.

आता रेल्वे. विमानापेक्षा मला रेल्वेच परवडली, आणि बाहेरचं दिसतंही. देवगिरी एक्स्प्रेसच्या खिडकीत बसून वाढलेल्या माणसाला ते जास्त महत्त्वाचं. डॉयचलँडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोचं आहे, बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सेमिस्टरच्या फीमध्येच सवलतीनं मिळतं. या तिकिटावर देशभरातल्या आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही लोकल, शहरातल्या बस, ट्राम सगळं चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. नवखी मुलं लाल पट्ट्याची पांढरी गाडी बघून चढतात आणि ६० युरो किंवा त्याहून जास्त दंड भरतात. फलाटावरच्या फळ्यावर गाडीच्या नंबराआधीची अक्षरं वाचा.

खरी गंमत पुढं आहे. हे तिकीट सीमेपलीकडच्या काही स्टेशनांपर्यंतही चालतं. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन, स्वित्झर्लंडच्या बाझलमधलं बादिशर बानहोफ. म्हणजे साल्झबुर्गपर्यंत वेगळा पैसा नाही, तिथून पुढं व्हिएन्नाला फक्त ऑस्ट्रियाचं तिकीट, आणि ते आधी काढलं तर स्वस्त. म्युनिकहून प्रागला जाणारी प्रादेशिक गाडी असेल तर फुर्थ इम वाल्ड या सीमेवरच्या स्टेशनापर्यंत हे तिकीट चालतं, पुढचं चेक रेल्वेचं काढायचं. वेळ जास्त लागतो. पण विद्यार्थ्याकडं सुट्टीत वेळच तर असतो.

इंटररेल पासबद्दल, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या एकाच पासबद्दल, सगळेच विचारतात. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर मिळतो आणि जर्मनीत राहणाऱ्या भारतीयालाही तो घेता येतो. पण ज्या देशात तुम्ही राहता तिथं या पासवर एकदा बाहेर पडायचं आणि एकदा परत यायचं, एवढाच प्रवास मिळतो. शिवाय फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. तीन आठवड्यांत सहा-सात देश करायचे असतील तरच घ्या. दोन शहरांसाठी सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

रात्रीच्या बसनं एका मुक्कामाचे पैसे वाचतात, हे खरं. जाताना रात्रीची आणि येतानाही रात्रीचीच, असं मात्र करू नका. मी केलंय. सोमवारी वर्गात बसलो, पण प्राध्यापक काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही.

५. मुक्काम

आजी तुळजापूरला, माहूरला जायची तेव्हा धर्मशाळेत उतरायची. एका खोलीत दहा बायका, आपापली वळकटी, सामान उशाखाली. हॉस्टेल म्हणजे तेच. सहा किंवा आठ पलंगांची खोली, सामायिक न्हाणी, खाली स्वयंपाकघर. मुलींसाठी वेगळ्या खोल्या बहुतेक ठिकाणी असतात, बुकिंग करताना तसा पर्याय निवडा.

स्वतःचं छोटं कुलूप न्या, तिथं विकत घ्यायला लागलं तर पाच-सहा युरो जातात. टॉवेल आणि स्लीपर न्या. रात्री उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं ते आधी विचारा. आणि हॉस्टेल निवडताना दोनच गोष्टी बघा: स्वयंपाकघर आहे का, आणि स्टेशनपासून चालत जाता येतं का. नाश्ता फुकट आहे, गच्चीवरून चर्च दिसतं, याला भुलू नका.

बऱ्याच शहरांत पर्यटन कर वेगळा असतो. ॲम्स्टरडॅममध्ये तो मुक्कामाच्या रकमेच्या साडेबारा टक्के आहे. साइटवरच्या दरात तो धरलाय की नाही, बुक करताना बघा.

त्या शहरात कुणी ओळखीचं शिकत असेल तर उत्तमच. आपली मुलं एकमेकांना जमिनीवर गादी टाकून देतात. पण दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नका, एका वेळचा स्वयंपाक तुम्ही करा, आणि जाताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवा. ज्याच्याकडं उतरलात त्याचीही परीक्षा असते, हे विसरू नका.

६. खाणं

इथं सगळ्यात जास्त पैसे वाचतात, आणि इथं आपण मराठवाड्याची माणसं बाकीच्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आहोत. प्रवासाला निघताना शिदोरी बांधायची सवय आपल्याला आहे.

मी सोबत येसर नेतो. आई दर खेपेला दोन किलो देते, घरी भाजून, गिरणीतून दळून आणलेलं. शंभर ग्रॅमची पुडी चार दिवसांना पुरते. व्हिएन्नाच्या हॉस्टेलात एका रात्री बाहेर पाऊस होता, दिवसभर चालून पाय भरून आले होते. भांड्यात पाणी उकळलं, दोन चमचे येसर थंड पाण्यात कालवून त्यात सोडलं, मीठ टाकलं. पाच मिनिटांत आमटी दाट झाली आणि तो वास स्वयंपाकघरभर पसरला. शेजारी पास्ता करणारी मुलगी भांड्यात डोकावून बघायला लागली. तिला वाटीभर दिली, तिनं तिचा ब्रेड दिला. त्या जेवणाला मला एक युरोही लागला नव्हता.

धपाटे तिसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. मुरमुरे मिळाले तर सुशीला हा हॉस्टेलातला सर्वात सोपा नाश्ता. फक्त एक करा: हॉस्टेलात कडकडीत फोडणी देऊ नका. धुराचा अलार्म वाजतो, पूर्ण इमारत रिकामी करतात आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. फोडणी घरीच करून, थंड करून डबीत न्या.

भारतातून येताना खवा, पेढे, तूप, मांस यातलं काही आणू नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. कुंथलगिरीचा पेढा कस्टममध्ये कचऱ्याच्या डब्यात जाताना मी पाहिलाय. फार वाईट वाटतं. आंबेही तसेच आणता येत नाहीत.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान घेऊन ठेवा. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण महाग. शाकाहारी असाल तर 'व्हेगन' लिहिलेलं बघून घेणं सर्वात सोपं. जिलेटिन आणि चरबी अशा ठिकाणी असते की आपल्याला शंकाही येणार नाही. पाण्याची रिकामी बाटली सोबत ठेवा. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर 'नासोनी' नावाचे सार्वजनिक नळ आहेत, अखंड वाहणारं, पिण्याचं, थंड पाणी.

७. कार्ड, रोख आणि फोन

चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी, डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड इथं युरो हे त्यांचं चलन नाही. तिथं एटीएम किंवा कार्डाचं मशीन विचारतं, "युरोत घेऊ का स्थानिक चलनात?" युरो बघून बरं वाटतं, पण त्यात त्यांचा स्वतःचा महाग दर लावलेला असतो. प्रत्येक वेळी स्थानिक चलन निवडा. पैसे बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून काढा, पर्यटकांच्या चौकात उभ्या असलेल्या सुट्या मशीनमधून नको. "झिरो कमिशन" लिहिलेल्या पैसे बदलायच्या टपऱ्यांपासून दूर राहा, कमिशन नसलं तरी दरात कापून घेतात.

युरोची काही नाणी खिशात ठेवा. स्टेशनवरच्या शौचालयाला बहुतेक ठिकाणी ५० सेंट ते एक युरो लागतो.

जर्मन सिमकार्ड युनियनभर जादा पैशाशिवाय चालतं. स्वित्झर्लंड त्यात नाही. सीमेजवळ, बोडन तलावाच्या काठावर जर्मनीतच उभं असतानाही फोन स्विस टॉवर पकडतो. तिथं डेटा रोमिंग बंद करा आणि नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा.

८. काय बघायचं, किती पैशांत

विद्यार्थी सवलत सगळीकडं विचारा, पण 'नागरिक' आणि 'रहिवासी' यातला फरक समजून घ्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपियन इकॉनॉमिक एरियात (युनियन आणि नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) *राहणाऱ्या* २६ वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश फुकट आहे. पासपोर्ट भारतीय असला तरी जर्मन परमिटचं कार्ड दाखवलं की झालं. वेळ मात्र आधी ऑनलाइन बुक करा. माझ्यासोबतच्या दोघांना हे माहीत नव्हतं, त्यांनी पूर्ण तिकीट काढलं होतं. उलट इटलीत सरकारी संग्रहालयांची दोन युरोंची सवलत युनियनच्या *नागरिक* तरुणांसाठी आहे, ती आपल्याला मिळत नाही. आपल्यासाठी तिथं महिन्याचा पहिला रविवार, त्या दिवशी सरकारी संग्रहालयं सगळ्यांनाच फुकट असतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट. रांग मोठी असते, पण भराभर सरकते.

ट्राम-बसचं कागदी तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही. प्राग, बुडापेस्ट, म्युनिक, इटलीतल्या प्रादेशिक गाड्या, या ठिकाणी ते मशीनमध्ये घालून शिक्का मारावा लागतो. शिक्का नाही तर तिकीट नाही, असंच धरतात. परदेशी आहे, माहीत नव्हतं, हे कुणी ऐकून घेत नाही.

९. आजारपण, चोरी, उशीर

सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड छापलेलं असतं. हे सगळीकडं चालतं असं बहुतेकांना वाटतं. आपण युनियनचे नागरिक नाही, त्यामुळं डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये ते आपल्याला चालत नाही. आल्प्समध्ये पाय मुरगळला आणि विमा नाही, या विचारानंच माझ्या पोटात गोळा येतो. परदेश प्रवासाचा वर्षभराचा आरोग्य विमा जर्मनीत एका साध्या हॉटेलच्या जेवणाच्या पैशात मिळतो. पहिल्या सहलीआधी तो काढा. यात काटकसर नको.

संकटात युनियनभर ११२ हा एकच नंबर. पासपोर्ट चोरीला गेला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग त्या देशातला भारतीय दूतावास. तिथं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं तर ते फक्त भारतात परतायला चालतं, जर्मनीत यायला नाही, म्हणून आपल्याला जर्मनीत परत जायचंय हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा आणि परमिटच्या कार्डाची प्रत दाखवा. बँकेचं कार्ड किंवा परमिटचं ऑनलाइन ओळखपत्र बंद करायला जर्मनीचा ११६ ११६ हा नंबर आहे. तो आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, आणि कागदावरही लिहा. फोनही चोरीला जाऊ शकतो.

विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते, तिकीट १५ युरोचं असलं तरी. वादळ, विमानतळ बंद, अशा वेळी पैसे मिळत नाहीत, पण जेवण आणि गरज पडली तर मुक्काम त्यांनीच द्यायचा असतो. रेल्वेला तासभर उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तास झाला तर अर्धा परत मिळतो.

१०. परत आल्यावर

त्याच रात्री, झोपायच्या आधी, तीन कामं उरकून टाका. भरपाईचा अर्ज करायचा असेल तर तिकीट, बोर्डिंग पास आणि उशिराच्या फळ्याचा फोटो एका फोल्डरात टाका. मी तेवढ्यासाठी फळ्याचा फोटो काढतोच. बँकेच्या ॲपमध्ये चार दिवसांचे सगळे व्यवहार एकदा नजरेखालून घाला, अनोळखी रक्कम दिसली तर लगेच बँकेला कळवा. आणि सहलीचा खरा खर्च लिहा, अंदाजाच्या शेजारी.

माझ्या प्रागच्या पानावर असं आहे: बस ३६, हॉस्टेल तीन रात्री ५४, खाणं ३१, ट्राम १४, प्रवेशाची तिकिटं १८. झाले १५३. खाली वेगळ्या शाईनं: टॅक्सी आणि नवं तिकीट, माझ्या वाट्याचे ४५. हे पान मी फोटो काढून अण्णांना पाठवलं होतं. त्यांनी संध्याकाळी फोन करून एकच विचारलं, "टॅक्सी कशापायी लागली?" मग पासपोर्टची सगळी गोष्ट सांगावी लागली.